शेरब्रुक रस्त्यावरची नगरपालिका

फुरसुंगी-उरुळी देवाची ही गावं पुणे महापालिकेतून बाहेर काढा, ही मागणी जोरात होती तेव्हा तिथला एक मित्र म्हणाला, "घरपट्टी शहराची आणि पाणी टँकरचं, किती दिवस चालायचं?" तेव्हापासून माँट्रियलमध्ये विलीन होऊन पुन्हा सुटलेलं वेस्टमाउंट, तिथले माजी महापौर पीटर ट्रेंट यांचं गाव, बघायचं मनात होतं.

माँट्रियलमधली तळघरातली खोली महाग आणि कुबट निघाली. नोत्र-दामचं चर्च, जुनं बंदर एका सकाळीच उरकलं आणि ॲटवॉटर मेट्रोवरून शेरब्रुक रस्त्याने वेस्टमाउंट गाठलं. दगडी नगरपालिका १९२२ची, शेजारी लॉन बोलिंगची कातरलेली हिरवळ.

ट्रेंट १९९१मध्ये इथले महापौर झाले. डिसेंबर २०००मध्ये क्वेबेक सरकारने कायदा केला, माँट्रियल बेटावरच्या सगळ्या २८ नगरपालिकांचं एकच माँट्रियल! सभा, लेख, कोर्टकचेरी, ट्रेंट सगळीकडे भिडले. सुप्रीम कोर्टानेही दाद दिली नाही. १ जानेवारी २००२ला वेस्टमाउंट नगरपालिका संपली, पण माणूस गप्प बसला नाही. पुढच्या वर्षी सत्ता बदलली आणि नव्या सरकारने सार्वमताची वाट मोकळी केली. अट मात्र कडक होती. बहुमत तर हवंच, शिवाय 'हो' म्हणणारे एकूण मतदारांच्या ३५ टक्के तरी हवेत. लासालला बहुमत मिळूनही ही अट आडवी आली. २० जून २००४ला १५ गावं सुटली, २००६च्या पहिल्या दिवशी नगरपालिका परत आली आणि २००९मध्ये ट्रेंट पुन्हा महापौर झाले.

वाचनालय १८९९चं. आतूनच काचगृहात जाता येतं. थंडीतून आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. तिथे इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक भेटले. ते उसळून म्हणाले, "हे श्रीमंत इंग्रजांचं बंड! वेस्टमाउंटच्या टेकडीखालचं सें-आंरी कामगारांचं. १९०५मध्ये माँट्रियलने ते घेतलं, तेव्हा कोण रस्त्यावर आलं?"

"मग तेव्हाच त्या कामगारांना विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"आणि टेकडीवरचा पैसा? तो शहरानेच कमावून दिलाय."

पैशाचं त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण पोलीस, अग्निशमन, मेट्रो यांचा खर्च वेस्टमाउंट आजही बेटाच्या संयुक्त परिषदेत भरतं, आणि तिथे बहुमत माँट्रियलचं आहे. खर्च वाटून घ्यायला गावाची नगरपालिका मोडावी लागत नाही. पदपथ, बाग, वाचनालय यांचा जाब मात्र हाकेच्या अंतरावरच्या माणसाला विचारता यायला हवा.

प्राध्यापक ऐकेनात. "आधी सें-आंरी बघा, मग बोला," म्हणाले. दुसऱ्या दिवशीचं क्वेबेक सिटीचं तिकीट मी रद्द केलं.