समुद्रदर्शन
घाटंजीपासून समुद्र सुमारे ७०० किलोमीटर. उन्हाळ्यात आमच्या वाघाडी नदीला धड पाणीही नसते. २०१८ साली मुंबई–गोवा प्रवासी जहाज पुन्हा सुरू झाल्यापासून आईने समुद्राचा ध्यास घेतला होता. काचबिंदूने तिची नजर आक्रसत चालली होती. अखेर कापसाच्या पैशांतून एका नव्याकोऱ्या जहाजाची तिकिटे काढली.

जहाजावर मात्र जत्राच! जेवणाला रांग, जिन्यात रेटारेटी. छायाचित्रे काढणारे कठड्यापासून हटेनात. मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक. (दर्यावर जाऊन दर्याच ऐकू येऊ नये, ही कमालच म्हणायची!) आमच्या खोलीला खिडकीही नव्हती.

पहाटे चारला आईला वर नेले. कठडा मोकळा होता, भोवती काळोख. ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली.

“आवाज तं येते, बापू. पानी कुठी हाय?”