दाराबाहेर कोण?

जुलैतली पावसाची रात्र. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवातले एक मराठी घर. नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेला, सासूबाई आत झोपलेल्या. सूनबाई एकटीच टीव्हीवर ‘कौन’ पाहत बसली होती.

रामगोपाल वर्माचा हा चित्रपट १९९९चा, लेखन अनुराग कश्यपचे. गाणे एकही नाही. एक घर, तीन माणसे आणि बाहेर वादळी पाऊस! घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, टीव्हीवर खुन्याची बातमी आणि बेल वाजवणे काही केल्या न सोडणारा मनोज बाजपेयी. बराच वेळ विशेष काही घडत नाही, तरी पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. कॅमेरा रिकाम्या घरात चोरपावलांनी हिंडतो. पात्र पडद्याच्या एका कडेला उभे असते आणि उरलेल्या मोकळ्या जागेत कोण येईल, ही भीती प्रेक्षक आपल्या पदरची भरतो. पार्श्वसंगीत थांबले की साध्या बेलनेही छातीत धस्स होते.

हिचकॉकचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली ठेवलेला बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असले आणि टेबलाशी बसलेली माणसे मात्र निवांत गप्पा मारत राहिली, तर तो पंधरा मिनिटे श्वास रोखून धरतो. वर्माने वेगळीच वाट धरली. बॉम्ब कुठल्या टेबलाखाली आहे, हेच सांगितले नाही! कॅमेरा बहुतेक वेळ त्या मुलीपाशी, दाराच्या आतल्या बाजूला ठेवला. जिच्या सोबतीने बघायचे, तिच्यावर आपसूक विश्वास बसतो आणि बाहेरचा माणूस संशयित ठरतो. शेवट इथे सांगून रसभंग करणे बरे नव्हे, पण सगळी मेख या विश्वासातच आहे.

चित्रपट संपला आणि पाचच मिनिटांत खरोखर बेल वाजली.

सूनबाईने दाराच्या छोट्या भिंगाला डोळा लावला. बाहेर भिजलेला पुरुष. भिंगामुळे नाक भले मोठे, डोळे कानशिलापर्यंत ओढलेले. तो काहीतरी म्हणत होता, पण पत्र्यावरच्या पावसात ऐकू आले ते एवढेच, ‘‘भाभीजी, दरवाजा...’’ तिने कडी काढली नाही. बेल तीनदा वाजून थांबली.

सकाळी कळले. मागच्या गल्लीतला शेजारी होता तो. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, म्हणून स्कूटरची किल्ली मागायला आला होता. शेवटी भर पावसात मोठ्या रस्त्यापर्यंत पळत जाऊन त्याने रिक्षा आणली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, हे नशीबच.

सासूबाईंनी रागे भरले नाही. पाचव्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा सुनेच्या हाती दिला. त्या घराच्या दाराला बेल नव्हती, भिंगही नव्हते. सूनबाईने कडी वाजवली. आतून ‘कौन?’ असे कुणी विचारले नाही. दार सरळ उघडले.