लगाम चावणारा घोडा

‘चँपिंग ॲट द बिट’चा अर्थ मला शब्दकोशात नव्हे, खडकवासल्याला एनडीएत घोडेस्वारी शिकताना कळला. धावायला उतावीळ झालेला घोडा तोंडातलं लगामाचं लोखंड चावत राहतो. मी लगाम खेचला, तसा तो आणखीच बिथरला. उस्ताद ओरडले, “हाथ नरम रखो, साहब!”

पुढे काश्मीरमध्ये, ताबारेषेवर, पहिल्या गस्तीला निघणारा आमचा एक पोरगेला जवान बुटाच्या नाड्या सारख्या सोडून बांधत होता. “साहेब, कधी निघायचं?” त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. वाटेवर सुरुंगांची भीती. घाईचं एक पाऊलही महागात पडलं असतं. ओरडणार होतो, पण उस्ताद आठवले. त्याला शेजारी बसवून चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. निघालो तेव्हा तो माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालत होता.

जोश हवाच. लगाम धरणारा हातही नरम हवा.