उलट्या पावलांचे हॉटेल

भूत ओळखायचे कसे, असे आमच्या चाळीतल्या कुठल्याही पोराला विचारले असते, तर त्याने झोपेतसुद्धा 'पायावरून' असे उत्तर दिले असते. केस, डोळे, पांढरे पातळ या गोष्टी सांगणाऱ्यागणिक बदलत. पाय मात्र उलटे ते उलटेच. त्यामुळे अपोलो बंदरच्या कठड्यावर बसून, खाऱ्या दाण्यांची पुडी आमच्या हातांपासून लांब धरीत, आमच्या मामाने जेव्हा समोरच्या ताजमहाल हॉटेलाकडे बोट दाखवले आणि "हे अख्खे हॉटेलच उलटे आहे," असे सांगितले, तेव्हा पुढे भूत येणार हे आम्ही ओळखलेच.

मामाची गोष्ट अशी. एका साहेबाने हॉटेलाचा नकाशा काढला, तो मजुरांच्या हवाली केला आणि स्वारी विलायतेला गेली. परत येताना बोट बंदरात शिरली आणि त्याने डोळे वर करून पाहिले, तो काय! समुद्राकडे यायचा दर्शनी भाग गेलेला गावाकडे आणि पाठ आलेली समुद्राकडे. नकाशा उलटा धरून इमारत बांधली होती! साहेब तडक वर गेला आणि त्याने खाली उडी टाकली. तेव्हापासून रात्री जिन्यांवर त्याच्या बुटांचा आवाज येतो.

हा साहेब कधी इंग्रज असे, कधी फ्रेंच. उडी कधी पाचव्या मजल्यावरून असे, कधी थेट घुमटावरून. एवढ्या फरकाने आम्हांला काही वाटत नसे. हॉटेलाच्या आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी संध्याकाळी ते बाहेरून पाहायचे, दाणे संपले की उठायचे. आत साहेबाचे भूत असो की साहेब असो, आम्हांला दोघेही सारखेच परके होते.

पुढे वाचनाचा नाद लागला आणि एके दिवशी या हॉटेलाचा इतिहास हाती आला. त्यात मामाचे भूत एका पानात गारद झाले. इमारत उलटी नव्हतीच. हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे १७! त्या वेळी पाहुणा यायचा तो घोडागाडीतून, गावाच्या बाजूने. म्हणून दरवाजा तिकडे ठेवला. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे गाड्या येऊन थांबत. इमारतीचे दोन हात पश्चिमेकडे पसरलेले आहेत, ते तिकडचा वारा खोल्यांत खेळावा म्हणून, असे जाणकार सांगतात. आपण ज्या बाजूला उभे राहून फोटो काढतो, तिथे गेट वे ऑफ इंडिया नव्हतेच. ते पुरे झाले १९२४ साली. लोकांच्या उभे राहण्याची जागा बदलली आणि ठपका आला नकाशावर.

आणि नकाशा मुळात साहेबाचा नव्हताच. तो केला होता सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. बोरीबंदरचे स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सच्या हाताखाली वैद्य तयार झाले होते. जमशेटजी टाटांनी या हॉटेलाचे काम त्यांच्यावर सोपवले. काम अर्धे झाले असताना, १९०० साली, वैद्य वारले. उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरे केले. आता गंमत पाहा. गोष्ट थोडी नीटनेटकी सांगणारे लोक साहेबाचे नाव चेंबर्स म्हणूनच सांगतात. ज्याने जागेवर उभे राहून काम शेवटास नेले, त्याला इमारत उलटी झाल्याचा पत्ता बोटीवरून लागेल कसा?

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. इमारत उभी होण्याआधी खरोखर मेलेला माणूस वैद्य. घुमट त्यांनी पाहिला नाही, पहिला दिवा लागलेला पाहिला नाही. मागे राहून घुटमळण्याचा हक्क कोणाचा असेल तर तो त्यांचा. आणि आमच्या मराठी मामाने, मराठी पोरांना, मराठीतून सांगितलेल्या गोष्टीत भूतसुद्धा इंग्रजाचे!

अलीकडे भाच्याला घेऊन मी पहिल्यांदाच आत गेलो. चहा घेतला. अंगावर काटा आलाच, पण तो दरपत्रक पाहून. भाच्याला मी मामाची गोष्ट आणि वैद्यांची हकीकत दोन्ही ऐकवल्या होत्या. चहा आणणारे गृहस्थ वयस्क होते, कोकणातले निघाले. भाच्याने त्यांना सरळच विचारले, "काका, इथे भूत आहे ना?" ते हसले. "बाळ, मी इतकी वर्षे रात्रपाळी केली. घाबरलो ते फक्त एकदा. आणि ते माणसांना."

भाच्याला कळले नाही. मला कळले. २००८ च्या नोव्हेंबरातला घुमटाजवळचा धूर आम्ही घरात बसून पाहिला होता. या हॉटेलात ३१ माणसे गेली. त्यांची नावे तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. आम्ही ती वाचली. भाचा एकेक अक्षर लावून वाचीत होता, त्यामुळे बराच वेळ लागला. आमच्या मागे उभे असलेले कोणी घाई केली नाही. या माणसांच्या पावलांचे आवाज जिन्यावर येतात, असे म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही आणि ऐकण्याची इच्छाही नाही. तो भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

मधला जिना मात्र डोळे भरून पाहावा असा. घुमटाखाली तो वरवर चढत जातो आणि खालून आधार असा दिसतच नाही. हा जिना सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर या पारशी बांधकामदाराच्या कल्पनेतला. भाचा कठड्याला धरून बराच वेळ वर पाहत राहिला.

"मामा, वैद्यांनी हे पाहिलेच नाही?"

"नाही."

रात्री आमच्या गॅलरीत पोरांची बैठक जमली. आतून ऐकू येत होते. भाचा सांगत होता की पावसाळ्यात, रात्री दोनच्या सुमारास, पगडी घातलेले रावसाहेब वैद्य ताजमध्ये येतात, हातात टेप असतो, सोराबजींचा जिना एकेक पायरी करून मोजतात आणि बरोबर भरला की मान हलवून जातात.

"पाय उलटे असतात?" कोणीतरी विचारले.

"छे! सरळ."

गोष्ट साफ खोटी होती. मी उठलो नाही.