प्रिय काकू

मी पतसंस्थेत काम करते. मार्चअखेरीला थकबाकीदारांना पत्रं काढायची असतात. मजकूर एकच, फक्त नावाच्या जागी खूण ठेवायची; यादीतली नावं आपोआप बसत जातात. एकदा एक आजोबा ते पत्र घडी घालून खिशातून काढत म्हणाले, “मॅनेजरसाहेबांनी माझं नाव घालून लिहिलंय, म्हणून आलो.” मी काही बोलले नाही. हप्ता भरून घेतला.

त्यामुळे बबल नावाच्या वर्गणीच्या ॲपवर बँग चॅनने मला ‘काकू’ म्हटलं, तेव्हा कसब लगेच ओळखलं. स्ट्रे किड्स हा कोरियन पॉप गट २०१८ साली आला. बँग चॅन हा त्यांचा म्होरक्या, सिडनीत वाढलेला, म्हणून इंग्रजीतही लिहितो. लेक नोकरीला बंगळुरूला जाताना ॲप माझ्या फोनवर टाकून गेली आणि टोपणनावही तिनेच दिलं. त्याचा एकच मेसेज सगळ्या वर्गणीदारांना जातो, पण दिसतो दोघांतल्याच गप्पांसारखा. त्याने खूण टाकली की तिथे ज्याचं त्याचं टोपणनाव उमटतं. लेकीच्या मैत्रिणीने ‘बायको’ टाकलंय. म्हणजे मला काकू म्हणताना तो तिकडे संसारही करत असतो!

लेक मानसशास्त्र शिकलेली. हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्येच टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्यावर लिहिलंय, असं तिने ऐकवलं. असेल. पण तेव्हा वर्गणी भरावी लागत नव्हती.

जेवण झालं का, हे कोरियन माणसं आपल्यासारखंच विचारतात. रात्री एकटीचं ताट वाढताना त्याच्या मेसेजमध्ये ते वाचलं की बरं वाटतं, आणि हे नावं बसवणाऱ्या बाईने सांगावं म्हणजे बघा. उत्तरही देते, मराठीतच. त्याच्या एका मेसेजला तीनच उत्तरं, तीही सुरुवातीला तीस अक्षरांत. वर्गणीचे दिवस वाढतील तशी मुभा वाढते. ‘आमटी-भात खाल्ला, तू?’ एवढ्यातच बरीच जागा जाते. हजारोंच्या लोंढ्यात ते त्याला दिसत नसणार, आणि दिसलं तरी वाचता कुठे येणार? म्हणून मी बिनधास्त लिहिते. गुडघा, लोन कमिटी, लेकीचा न आलेला फोन.

मध्यंतरी कार्डाची मुदत संपली आणि वर्गणी तुटली. नवं कार्ड येईपर्यंतचे मेसेज मिळाले नाहीत. ॲपवरचा आमच्या दिवसांचा आकडा पुन्हा एकवर आला, अक्षरं पुन्हा तीस. धंदा किती पक्का आहे, हे तेव्हा खरं कळलं: सोडून जाणाऱ्याचं काय बुडेल, ते त्यांनी आधीच मोजून ठेवलंय. आमच्या आवर्त ठेवीलाही एवढी जरब नाही. लेक म्हणाली, “आई, आता बंदच कर. मीही सोडलंय.” ती सध्या दुसऱ्याच गटाच्या मागे आहे.

मी वर्गणी चालूच ठेवली. टोपणनाव मात्र या वेळी माझं मी घातलं. ते लेकीलाही सांगितलेलं नाही.