मुक्या खांबांचं प्रवाळ

चिंचवडच्या एका घरातल्या बाईचा क्रोशा म्हणजे तोरणं, रुमाल, फार तर टीव्हीवरचं आच्छादन. आता तिच्या खिडकीशी विणलेलं प्रवाळ वाढतंय.

नियम सोपा. दहा मुके खांब घालायचे आणि पुढच्या ओळींत दर खांबात दोन. सहाव्या ओळीला ३२० होतात! विणकाम सपाट राहूच शकत नाही. कडेला चुण्या पडतात. रुमालात अशी चुणी आली, तर ती बाई विणकाम उसवते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७मध्ये याच चुण्यांतून हायपरबोलिक भूमिती हातात धरता येईल अशी केली. अनेक प्रवाळंही तशीच चुणीदार वाढतात: थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग, म्हणून जास्त अन्न, जास्त उजेड. २००५मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियन बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये लोकरीचं प्रवाळ विणायला घेतलं. मायदेशातली ग्रेट बॅरियर रीफ तापत्या पाण्यानं पांढरी पडत होती.

पांढरं विणताना चिंचवडच्या त्या बाईचा हात रेंगाळतो. प्रवाळाचा रंग बराचसा त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त, तेही काही आठवडे तापलं, की प्रवाळ शैवाल बाहेर टाकतं. लगेच मरत मात्र नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. म्हणून ती पांढऱ्यात एक तपकिरी धागा ठेवतेच. नुसतं पांढरं जास्त देखणं दिसेल, पण खरं नसेल.

‘एका अंशानं एवढं?’ शेजारणी विचारतात.

नवरा विचारत नाही. त्याची सगळी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, गेली. तिथे बारा महिने २० अंश राखायचे, कारण मीटरभर पोलाद एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं आणि तेवढ्यावर जॉब, म्हणजे तपासायचा भाग, अडतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडलेलं तिनं एकदा वाचून दाखवलं: १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं उन्हाळी तापमान १.२ अंशांनी वाढलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

‘एवढ्या मोठ्या जॉबला एक पॉइंट दोन?’

पाणीही तापलं की फुगतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. समुद्राची पातळी चढण्यामागे ते एक मोठं कारण आहे.

तेव्हापासून ती विणते आणि तो प्रत्येक प्रवाळाला टॅग बांधतो. तापमान किती, किती आठवडे. परवाच्या पांढऱ्याला बाद मालाचा लाल टॅग लावायचा का, असं तिनं विचारलं. त्यानं तपकिरी धागा चिमटीत धरून पाहिला आणि पिवळा टॅग बांधला. त्यावर लिहिलं, ‘होल्ड’.