ना देव, ना मासा

आमच्या नाशिकरोडच्या वसाहतीत मासा म्हणजे बाजारातला सुका बोंबील आणि सुकट. समुद्र घाटाखाली, दूर. असे असूनही गेल्या वर्षी एक देवमासा आमच्या गल्लीत येऊन पोहोचला. तो आला मोबाईलच्या पडद्यावर.

शेजारच्या मावशींचा मुलगा बारावी होऊन सिन्नरच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला आहे. एके रात्री तो आमच्याकडे आला. त्याच्या मोबाईलवर एका करड्या, मेणचट ढेकळाचा फोटो होता. "काका, ही व्हेल माशाची उलटी. किलोला कोटी रुपये भाव आहे. मला फक्त गिऱ्हाईक शोधायचंय, दोन टक्के मिळतील." फोटो पाठविणारा कोण, तर मित्राचा मित्र. ढेकूळ कोठे आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. दोन टक्क्यांचा हिशेब मात्र त्याने वहीच्या पाठीमागे मांडून ठेवला होता.

आम्ही आयुष्यभर कारकुनी केली, आकड्यांशी आमचा रोजचा संबंध. आम्ही त्याला दुसरा आकडा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासा पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या शरीरातून निघालेली ही वस्तू जवळ ठेवणे, विकणे, हा गुन्हा होतो आणि शिक्षा तीन ते सात वर्षे. ठाणे, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथे या प्रकरणांत पोरे पकडली गेल्याच्या बातम्या वाचकांनीही पाहिल्या असतील. पकडले जातात ते बहुधा रिक्षा चालविणारे, कंत्राटावर राबणारे. अत्तराच्या बाटलीवर ज्यांचे नाव असते, ते कधी या बातम्यांत दिसत नाहीत.

पोरगा गप्प झाला. मग त्याने विचारले, "पण काका, हा मासा असतो तरी कसा?" आमचीही पंचाईत झाली. पन्नाशी जवळ आली, तरी आम्ही तो पाहिलेला नव्हता. वसाहतीची कोकण सहल तीन वर्षे नुसती बोलण्यात होती, ती त्या रात्री नक्की झाली.

डिसेंबरात वर्गणी काढून आम्ही लहानथोर अठरा जण मिनीबसने निघालो. हिशेब नेहमीप्रमाणे आमच्याकडे. महाडला तळ्यावर आणि दापोलीजवळ वणंदला थांबलो. त्या स्थळांविषयी या पानांत पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून येथे पुन्हा लिहीत नाही. संध्याकाळी दापोलीखाली मुरूड-कर्दे किनाऱ्याला पोहोचलो तेव्हा आमच्या मंडळींपैकी सहा जणांनी प्रथमच समुद्र पाहिला. त्यांत एक बासष्ट वर्षांच्या आजी होत्या. त्यांनी पाणी तोंडात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "खरंच खारट हाय की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच होडीत बसलो. तांडेल मध्यमवयीन, कमी बोलणारा गृहस्थ होता. किनाऱ्यापासून फार दूर गेलो नव्हतो, तोच पाण्यावर एक करडी पाठ वर आली, वळली आणि बुडाली. मागोमाग दुसरी. पोरांनी जो गलका केला, तो किनाऱ्यावरही ऐकू गेला असेल.

हे हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवरच्या परापाशी उंचवटा असतो, कुबडासारखा, म्हणून हे नाव. लांबी आठ-नऊ फुटांपर्यंत. हा प्राणी खोल समुद्रात फारसा जात नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी मासे धरून राहतो. म्हणजे जेथे माणसाची होडी, जाळे, सांडपाणी आणि बंदर, नेमके तेथेच त्याचे घर. जगातील धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

"भाऊ, जवळ घ्या ना होडी!" आमचीच मंडळी ओरडत होती. पैसे मोजलेत, तर नीट दिसले पाहिजे, हा आपला हिशेब. तांडेलाने होडी वळविली, थोडी पुढे नेली आणि एकदम मशीन बंद केले. आम्हांला वाटले बिघाड झाला. तो म्हणाला, "पिल्लू आहे. गप बसा थोडा वेळ."

मशीनचा आवाज थांबला आणि दुसरा आवाज ऐकू आला. 'फुस्स'. पुन्हा 'फुस्स'. डॉल्फिन श्वास सोडत होते. डोक्यावर त्यांचे एकच नाकपूड असते, पाण्यात जाताना ते घट्ट मिटते. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातलाच प्राणवायू घेतो. डॉल्फिनला कल्ले नाहीत, त्याला फुप्फुसे आहेत तुमच्या-आमच्यासारखी. वर येऊन श्वास घेतला नाही, तर समुद्रात राहूनही तो गुदमरून मरतो. म्हणून त्याला गाढ झोपही परवडत नाही. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहून श्वासाची राखण करतो. रात्रपाळी करणाऱ्या आमच्या एका मित्राला हे फारच पटले.

पिल्लू आईच्या कुशीला चिकटून होते. रंगाने फिकट आणि आईपेक्षा जास्त वेळा वर येणारे, कारण त्याचा दम लहान. दहा-बारा महिने पोटात वाढविल्यावर एकच पिल्लू होते आणि दीर्घकाळ ते आईच्या दुधावर राहते. पाण्याखाली दूध प्यायचे कसे, असा प्रश्न आमच्या मुलीने केला. आईचे स्तनाग्र पोटाखालच्या चिरेत लपलेले असते. पिल्लू तोंड लावते तेव्हा आईचे स्नायू दूध त्याच्या तोंडात सोडतात. दूध घट्ट, स्निग्ध असते. एका पिल्लाचे निभावून दुसरे होईपर्यंत तीनेक वर्षे जातात. मच्छीप्रमाणे लाख अंडी घालून मोकळे होण्याची सोय येथे नाही. एक पिल्लू गेले तर आईची तीन वर्षे गेली.

मशीन का बंद केले, तेही तांडेलाकडून कळले. पाण्यात नजर लांब जात नाही. डॉल्फिन बारीक टिकटिक आवाज काढतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून त्याला मासा, खडक, जाळे समजते. आईला पिल्लू कोठे आहे तेही आवाजावरूनच. पाच होड्या चारी बाजूंनी मशीन लावून धावल्या, तर त्याची गत भर बाजारात भोंगे लावल्यावर आपली होते तशी. होडीवाले हे जाणतात. परंतु पाठलाग केला नाही तर गिऱ्हाईक बडबडते, हेही त्यांना ठाऊक आहे. आमचे ओरडणे ऐकून त्याने मशीन बंद केले, याबद्दल त्या माणसाविषयी आम्हांला आदर वाटला आणि आपल्या मंडळींची थोडी लाजही वाटली. पंधरा-वीस मिनिटे आम्ही अठरा माणसे गप्प बसून होतो. नाशिकरोडच्या कोणत्याही सभेत हे साधलेले नाही.

रात्री मुलांनी विचारले, आपल्या गोदावरीत हे का नाहीत? गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, तेथून अरबी समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटर. पण ती उलटी पूर्वेला वळून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. डॉल्फिन मात्र तिच्या पात्रात नाहीत. ते आहेत गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांत. त्यांना हिंदीत 'सूंस' म्हणतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली, सारा व्यवहार आवाजावर. नद्यांतील डॉल्फिनांची देशव्यापी मोजणी झाली, तिचा आकडा मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला: ६३२७.

आणि हे तर आपल्या प्रत्येक घरात माहीत असावे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार यांबरोबर तीत 'गंगापुपुटक' असे एक नाव येते. तो हाच गंगेतील डॉल्फिन, असे अभ्यासक मानतात. भारत सरकारने या प्राण्याला राष्ट्रीय जलचर म्हटले ते २००९-१० च्या सुमारास. मधली बावीसशे वर्षे तुम्हीच मोजा.

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला गेलो. बायका, टोपल्या, बर्फ, ओरडा. तो देखावा एकदा पाहावाच. तेथे एका मच्छीमाराशी गप्पा झाल्या. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव अडकले तर काय करता, असे विचारले. तो म्हणाला, "जिवंत असेल तर जाळं कापायचं, दुसरं काय. पण जाळं फुकट नाही मिळत, दादा." हा खरा प्रश्न. दया करायची तर तिचा खर्च कोणाच्या खात्यावर घालायचा? डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासनाची योजना आहे. संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय खाते आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष मिळून ती देतात. योजना चांगलीच आहे. मात्र पुराव्याला फोटो लागतो. रात्री हलत्या होडीत एका हाताने जाळे कापायचे आणि दुसऱ्या हाताने फोटो काढायचा, हे नियम करणाऱ्याने एकदा करून पाहावे. अर्ज लिहिणे हे आमचे रोजचे काम, म्हणून बोलतो.

पुढे दाभोळची आणि जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून गणपतीपुळ्याला आलो. देवळात जायचे नव्हते, किनारा पाहायचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथे देवमाशाचे एक पिल्लू वाळूत येऊन अडकले. देवमाशाला पाण्यात स्वतःचे वजन जाणवत नाही. जमिनीवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर बसते आणि चरबीच्या जाड थरामुळे अंग तापत जाते. गावकरी, वनखात्याची माणसे यांनी जवळजवळ चाळीस तास त्याच्यावर पाणी घातले, ओली कापडे टाकली, शेवटी पट्टा बांधून बोटीने ओढून त्याला समुद्रात सोडले. पण ते वाचले नाही, मेलेलेच किनाऱ्याला लागले. एवढी माणसे एका पिल्लासाठी रात्रभर पाण्यात उभी राहिली. तेथे आज त्याची काही खूण नाही, भेळेच्या गाड्या आहेत.

त्यापूर्वी, २०१५ साली, सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला सुमारे बेचाळीस फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. बेचाळीस फूट म्हणजे अजून लहानच. पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत जातो. पृथ्वीवर याहून मोठा प्राणी झाल्याचे माहीत नाही. आणि खातो काय? बोटाएवढे कोळंबीसारखे जीव, टनावारी.

शेवटचा मुक्काम रत्नागिरी. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सुमारे ५५ फुटांचा सांगाडा आहे. आमची मिनीबस त्याच्या पोटात सहज मावली असती. मावशींचा मुलगा बराच वेळ त्याच्या पुढच्या कल्ल्यापाशी उभा होता. कल्ला आम्ही सवयीने म्हणतो. आत मनगट आणि बोटांची हाडे असतात, हातच तो. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. त्यांच्या जवळच्या नात्यातला एक प्राणी आपल्याच देशात सापडला आहे. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी दगड जमा केले होते. त्यांच्या मागे ते अमेरिकेतील हान्स थेविसेन यांच्याकडे गेले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतले कानाचे हाड देवमाशासारखे जाड निघाले. २००७ साली जगाला हे कळले. मांजराएवढा, बिनशिंगी हरणासारखा तो प्राणी ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी पाण्याकाठी राहत होता. तेव्हा आपण ज्याला देवमासा म्हणतो तो देव नाही, हे तर सांगायलाच नको, पण मासाही नाही.

"मग ती उलटी?" मुलाने हळूच विचारले. तीही उलटी नाही, असे आम्ही सांगितले. स्पर्म व्हेल नावाचा दात असलेला देवमासा माकूळ खातो. माकुळाची चोच पचत नाही, ती टोचू नये म्हणून आतड्यात तिच्याभोवती मेणासारखा थर बसतो. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते तो विष्ठेवाटे बाहेर पडतो. मुलगा हसला, म्हणाला, "म्हणजे मी शेणाला गिऱ्हाईक शोधत होतो."

परतीच्या वाटेत त्याने तो फोटो आणि तो नंबर दोन्ही काढून टाकले. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आम्ही त्याला लिहून दिला, कोणी पुन्हा विचारले तर असावा म्हणून. पहाटे वसाहतीत उतरलो तेव्हा मावशी दारातच बसल्या होत्या. काय पाहिलंस, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, "पिल्लू श्वास घ्यायला वर येत होतं."

"आणि त्याची आई?"

"ती बाजूलाच होती."